शेजारच्या शेडमधला अपघात तुमचाही असतो



या आठवड्यात खरं तर कॉस्टिंगच्या मालिकेचा तिसरा भाग यायचा होता. तो मी पुढे ढकललाय. गेल्या रविवारी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो म्हणाला, "सर, ती गोष्ट आता सांगा लोकांना. माझं नाव नको, पण गोष्ट सांगा." तीन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

एका एमआयडीसीतल्या दोन शेड. मधे एकच भिंत. दोन्ही मालक माझ्या बॅचचे. दोघांचं काम शीट मेटलचं, दोघांकडे जुन्या की-क्लचच्या पॉवर प्रेस, आणि त्याही एकाच जुन्या मशिनरीवाल्याकडून घेतलेल्या. सकाळी दहाचा चहा एकाच टपरीवर.

पहिल्याच्या शेडमध्ये एक दिवस प्रेसने डबल मारला. म्हणजे पेडल एकदाच दाबलं, पण रॅम दोनदा खाली आला. क्लचची की झिजली होती. ऑपरेटरचा हात पार्ट काढायला आत गेलेला. दोन बोटं गेली. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने दवाखाना बघितला, माणसाला परत कामावर घेतलं, की बदलली, डायभोवती हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड बसवला. मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, "सर, आपल्यातच ठेवा. कस्टमरचं ऑडिट तोंडावर आहे."

मी ठेवलं.

साडेतीन महिन्यांनी भिंतीपलीकडे तसलाच प्रेस, तसलीच झिजलेली की, तसाच डबल. या वेळी तीन बोटं, उजव्या हाताची. पोरगा बावीस वर्षांचा.

आता हिशेब करा. की झिजते, हे पहिल्या मालकाला माहीत होतं. त्याच्या फिटरला माहीत होतं. मला माहीत होतं. त्यावर उपाय काय, खर्च किती, हेही माहीत होतं. फक्त ज्याच्या शेडमध्ये ते कळायला हवं होतं, तिथेच ते पोचलं नव्हतं. मधे नऊ इंचाची भिंत होती आणि आम्हा दोघांचं गप्प बसणं होतं.

म्हणून आजचा विषय: एकाच भागातल्या मालकांनी एकत्र येऊन सेफ्टीची संघटना चालवायची असते. ही कल्पना माझी नाही. दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात बघितली तर ती सरकारने केली नव्हती. तुमच्या-माझ्यासारख्या, म्हणजे बाजारात एकमेकांशी भांडणाऱ्या मालकांनी केली होती.

डीएमसीच्या दोऱ्याचं गाव

घरात आई, आजी, मावशी कोणी भरतकाम करत असेल तर डीएमसीच्या दोऱ्याच्या लडी तुम्ही पाहिल्या असतील. डी म्हणजे डॉल्फस, एम म्हणजे मीग, सी म्हणजे कंपनी. ही कंपनी फ्रान्समधल्या म्युलूझ गावची. फ्रान्सचं पूर्वेकडचं टोक, अल्सास प्रांत, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून.

या गावाच्या धंद्याचं मूळ तर आपल्याकडेच आहे. भारतातल्या छापील सुती कापडाची युरोपला भूल पडली होती. तसं कापड आपणच छापावं म्हणून 1746 मध्ये म्युलूझमध्ये पहिला छपाई कारखाना निघाला. त्या कापडाला ते लोक 'इंडियेन'च म्हणायचे. पुढे सूतगिरण्या आल्या, माग आले, मशिनरी बनवणारे कारखाने आले. गावाला 'फ्रान्सचं मँचेस्टर' म्हणू लागले.

1826 मध्ये तिथल्या मालकांनी एक औद्योगिक सोसायटी काढली. आपल्याकडच्या इंडस्ट्रीज असोसिएशनची खापरपणजी समजा. पण फरक बघा. तिथे सभासद बैठकीत निबंध वाचायचे, प्रयोग मांडायचे, चांगल्या शोधाला बक्षीस द्यायचे. त्याच सभेत, सोसायटी सुरू होऊन एकदोन वर्षंच झाली असताना, झां-झाक बूरकार नावाच्या एका सूतगिरणीवाल्याने विषय काढला की गिरण्यांत लहान मुलांकडून किती तास काम करून घ्यायचं यावर कायद्याने बंधन हवं. मालकांच्याच सभेत, मालकानेच. पुढे डॉक्टर व्हिलेर्मे यांनी कापड कामगारांच्या हालांची पाहणी केली. त्यात म्युलूझही होतं. त्यांचा अहवाल 1840 मध्ये छापला गेला आणि 1841 मध्ये फ्रान्सने बालकामगारांचा पहिला कायदा केला.

तो कायदा कसा होता? आठ वर्षांखालच्या मुलांना बंदी, आठ ते बारा वयाला दिवसाला जास्तीत जास्त आठ तास. लागू कुणाला? इंजिनावर किंवा सतत पेटत्या भट्टीवर चालणाऱ्या कारखान्यांना, आणि वीसपेक्षा जास्त कामगार असलेल्या जागांना. तपासणी कोण करणार? बिनपगारी मानद इन्स्पेक्टर. त्यांतले पुष्कळसे स्वतःच आजी-माजी मालक. निकाल काय लागला असेल, तुम्हीच ओळखा. कायदा कागदावर राहिला.

हा 'वीस'चा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

1867: एक मालक म्हणाला, पगार दिला म्हणजे संपलं नाही

त्या काळातली गिरणी डोळ्यांसमोर आणा. वर छताला लांबच लांब लाईन शाफ्ट फिरतोय. त्यावरून प्रत्येक मशीनवर पट्टा उतरलाय. दातेरी चाकं उघडी. पोरं चालू मशीनखाली वाकून कापूस झाडतायत. मागाचा धोटा उडाला तर समोरच्याचा डोळा. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या जुन्या यंत्रमागवाल्यांना धोटा उडणं म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही.

डॉल्फस-मीग कंपनीचे एक भागीदार होते फ्रेडरिक एंगेल-डॉल्फस. डॉल्फस घराण्याचे जावई. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मालक कामगाराला फक्त मजुरीचं देणं लागत नाही, त्याच्या शरीराचीही काळजी त्याने घ्यायला हवी. 1867 मध्ये त्यांच्या पुढाकाराने, त्या औद्योगिक सोसायटीच्या छत्राखाली, म्युलूझमध्ये यंत्रांचे अपघात टाळण्यासाठी वेगळी असोसिएशन सुरू झाली. या प्रकारच्या संस्थांचा इतिहास सांगताना सुरुवात तिच्यापासूनच केली जाते.

तिची कामाची पद्धत मला फार आवडते, कारण ती साधी आहे.

एक, सभासद वर्गणी भरायचे आणि त्या पैशातून इन्स्पेक्टर नेमला जायचा. प्रत्येक गिरणीला स्वतःचा तज्ज्ञ परवडत नाही, पण सगळ्यांना मिळून एक परवडतो.

दोन, तो इन्स्पेक्टर सभासदांच्या कारखान्यात फिरायचा, बघायचा, काय उघडं आहे, काय धोक्याचं आहे ते मालकाला सांगायचा. तो पोलीस नव्हता, दंड करायचा त्याला अधिकार नव्हता. त्याचं काम सल्ला द्यायचं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: एका कारखान्यात सुचलेला उपाय तो दुसऱ्या कारखान्यात घेऊन जायचा. कुणाच्या फिटरने चाकांवर चांगलं झाकण केलं, कुणी धोटा अडवायची जाळी बसवली, कुणी चालू शाफ्टवर पट्टा चढवायला हाताऐवजी साधन केलं, ते सगळ्यांना कळायचं.

आता विचार करा. हे लोक एकाच बाजारात सूत आणि कापड विकणारे. कापडाच्या डिझाइनवरून, रंगाच्या फॉर्म्युल्यावरून एकमेकांचे वैरी. पण मशीनवरचं झाकण कुणी लपवून ठेवलं नाही. 1889 मध्ये तर या असोसिएशनने अशा साधनांचा चित्रांसह एक मोठा संग्रहच छापला, आणि तो फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा तीन भाषांत. म्हणजे फक्त गावातल्या नाही, परदेशातल्या स्पर्धकालाही देऊन टाकला.

मी स्वतःला विचारतो, 'आपल्यातच ठेवा' म्हणणारे आम्ही, आणि तीन भाषांत छापून वाटणारे ते. धंदा कुणाचा बुडाला?

कल्पना कुठे कुठे गेली

चांगली कल्पना प्रवास करते. रुआँच्या कापड पट्ट्यात अशी संस्था निघाली. 1883 मध्ये पॅरिसला एमिल म्युलर या इंजिनिअरच्या पुढाकाराने निघाली. हे तेच गृहस्थ, ज्यांनी त्याआधी म्युलूझमध्ये कामगारांची वसाहत बांधली होती. 1894 मध्ये इटलीत मिलानला उद्योजकांनी अपघात टाळण्यासाठी असोसिएशन काढली.

दरम्यान 1871 च्या युद्धतहानंतर अल्सास जर्मनीकडे गेलं होतं. आणि जर्मनीने 1884 मध्ये अपघात विम्याचा कायदा केला. त्यात प्रत्येक धंद्याच्या मालकांची सक्तीची संघटना होती. नुकसानभरपाईचा सगळा पैसा मालकांनी भरायचा, संघटना मालकांनीच चालवायची, अपघात टाळायचे नियमही ती करू शकायची. आणि ज्या कामात धोका जास्त, त्याचा हप्ता जास्त. म्हणजे शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाचा भार माझ्या खिशावर येणार. एकदा असं झालं की शेजाऱ्याच्या शेडमध्ये डोकावणं हा भोचकपणा राहत नाही, तो धंद्याचा भाग होतो.

जे त्यांना जमलं नाही

इथे थांबून एक गोष्ट सरळ सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर परदेशाचे गोडवे गातायत.

म्युलूझची असोसिएशन ही मालकांची होती. ज्याचा हात मशीनमध्ये जायचा, तो टेबलावर बसलेला नव्हता. दुसरं, ती ऐच्छिक होती. ज्याला सुधारायचंच नाही, तो सभासदच व्हायचा नाही. आणि तिसरं, अपघात टाळणं हे तिचं काम, पण झालेल्या अपघाताची भरपाई कामगाराला हक्काने मिळवून देणं तिच्या हातात नव्हतं. फ्रान्समध्ये जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागायचं. ते ओझं 1898 च्या कायद्याने उतरवलं.

त्यामुळे 'आमची असोसिएशन आहे, आता इन्स्पेक्टर नको, कायदा नको' असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. मालकांची संघटना कायद्याच्या जागी नसते. कायद्याचा हात जिथे पोचत नाही, तिथे ती असते.

आपल्याकडे काय झालं

आपल्या इतिहासात मालकांच्या आधी कामगारांनी हा विषय मांडला, हे मला अभिमानाचं वाटतं.

मुंबईच्या गिरण्यांना पहिला फॅक्टरी कायदा 1881 मध्ये लागू झाला. तोही 100 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांनाच. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी त्यातली मागणी म्हणून आपल्याला आठवते. पण त्यात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

साल परत वाचा. 1884. जर्मनीचा विमा कायदा आणि लोखंड्यांचं निवेदन एकाच वर्षातलं. तिकडे कायदा झाला. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला 1923 उजाडलं.

पुढे 1948 चा कारखाने कायदा आला, ईएसआय आलं. 1966 मध्ये 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचं मुख्यालय नवी मुंबईत आहे आणि 4 मार्चला आपण सेफ्टी डे साजरा करतो तो तिचाच स्थापना दिवस. राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, ज्याला आपण 'डिश' म्हणतो. केमिकल पट्ट्यांत तर कारखान्यांचे 'मार्ग' नावाचे गट आहेत. एकाकडे आग लागली, गॅस गळला तर बाकीचे आपले बंब आणि माणसं घेऊन धावतात. म्हणजे एकत्र यायची अक्कल आपल्यात नाही असं मुळीच नाही.

मग लहान शेडचं काय? आता तो 'वीस'चा आकडा.

1948 च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी 10 कामगार असले की ती जागा 'कारखाना' धरली जायची. 2020 च्या नव्या संहितेत ही मर्यादा 20 आहे. सेफ्टी ऑफिसर नेमायची सक्ती जुन्या कायद्यात साधारणपणे 1,000 कामगारांना होती, नव्या संहितेत कारखान्यासाठी 500, धोकादायक कामासाठी 250. आता माझ्या बॅचमधला उद्योजक डोळ्यांसमोर आणा. सात माणसं, दोन प्रेस, एक शिअरिंग, एक वेल्डिंग सेट. त्याच्या दारात ना सेफ्टी ऑफिसर, ना सहसा इन्स्पेक्टर. बोट मात्र तेच, प्रेसही तोच.

हरियाणाच्या ऑटो पट्ट्यात सेफ इन इंडिया नावाची संस्था जखमी कामगारांसोबत काम करते आणि दर वर्षी अहवाल काढते. त्यात पुन्हा पुन्हा पॉवर प्रेसच येतो, आणि तोही मोठ्या कंपनीच्या आत नाही, तिला पार्ट पुरवणाऱ्या साखळीत. म्हणजे आपल्यात.

तुमच्या एमआयडीसीत इंडस्ट्रीज असोसिएशन असेलच. तिच्या मागच्या वर्षभराच्या बैठकांचे विषय आठवा. लाईट जाते, पाणी येत नाही, रस्त्यात खड्डे, कर वाढला. सगळे रास्त विषय आहेत, मी नाही म्हणत नाही. पण 'गेल्या महिन्यात आपल्या भागात कुणाला काय लागलं' हा विषय अजेंड्यावर कधी होता? माझ्या पाहण्यात नाही. 4 मार्चला बॅनर लागतो, शपथ होते, समोसा होतो, फोटो होतो. 5 मार्चला प्रेस तोच.

मग करायचं काय?

मोठी संस्था काढा, रजिस्ट्रेशन करा असं मी सांगणार नाही. एका गल्लीपासून सुरू करा.

1. पंधरा-वीस शेड गोळा करा. शक्यतो सारखी कामं करणाऱ्या. प्रेसवाले प्रेसवाल्यांबरोबर, फाउंड्रीवाले फाउंड्रीवाल्यांबरोबर. यंत्रं सारखी असली की चुकाही सारख्या असतात.

2. एक माणूस मिळून ठेवा. मोठ्या कंपनीतून रिटायर झालेला सेफ्टी ऑफिसर किंवा अनुभवी मेंटेनन्सवाला. समजा वीस शेडनी महिन्याला प्रत्येकी दीड हजार काढले, तर तीस हजार होतात. महिन्यातून प्रत्येक शेडला एक फेरी आरामात होते. तो सल्ला देईल, तक्रार करणार नाही, हे दोन्ही बाजूंना आधीच स्पष्ट असू द्या.

3. 'थोडक्यात वाचलो' वही ठेवा. अपघात झाला तरच लिहायचं असं नाही. प्रेसने डबल मारला पण हात बाहेर होता, ग्राइंडिंग व्हील फुटलं पण समोर कुणी नव्हतं, चेन ब्लॉकचा हुक सरकला. हे सगळं लिहा. अपघात येण्याआधी दोन-चार वेळा दार वाजवतो. आपण उघडत नाही.

4. महिन्यातून एकदा तासभर बसा, आणि वह्या उघडा. शेडचं नाव घ्यायची गरज नाही. काय झालं, का झालं, काय केलं, किती खर्च आला. एवढंच. ज्याने सांगितलं त्याला कुणी हसायचं नाही, हा एकच नियम कडक पाळा.

5. कामगार टेबलावर हवा. म्युलूझची चूक आपण करायची नाही. प्रत्येक शेडमधून एक ऑपरेटर बैठकीला या. प्रेस आवाज बदलून बोलायला लागला हे मालकाला ऑफिसात कळत नाही, ऑपरेटरला कळतं. पण ते बोलल्यावर आपली हजेरी कापली जाणार नाही, ही खात्री त्याला हवी.

6. उपाय वाटून घ्या. कुणाच्या फिटरने चांगला गार्ड केला तर त्याचा फोटो आणि माप ग्रुपवर टाका. एकच ऑर्डर देऊन वीस गार्ड करून घेतले तर भावही खाली येईल. हे तर कॉस्टिंगमध्येच शिकलोय आपण!

आणि एक तांत्रिक गोष्ट, कारण त्यावर गैरसमज फार आहे. जुन्या की-क्लच प्रेसला दोन हातांची बटणं लावली की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. नाही. डबल स्ट्रोक बटण न दाबता येतो. तुम्ही हात बटणावरून काढून आत घातलेला असतो तेव्हाच तो येतो. तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा, पार्ट काढायला चिमटा किंवा दुसरं साधन हवं, आणि की व स्प्रिंगची तपासणी ठरलेल्या तारखेला हवी. मोडल्यावर नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे

*"सर, आमची बदनामी होईल."* टपरीवर सगळ्यांना कळलेलंच असतं हो. कळत नाही ते फक्त कारण. कुणाला लागलं हे गावभर होतं, कशामुळे लागलं हे कुणी सांगत नाही. आपण उलट करूया.

*"वकील म्हणतो बोलू नका."* चालू केसबद्दल वकिलाचं ऐका. पण की झिजते, हे यंत्राबद्दलचं ज्ञान आहे, कबुलीजबाब नाही. आणि ज्या अपघाताची नोंद 'डिश'ला, ईएसआयला द्यायचा नियम तुम्हाला लागू आहे, ती द्यायचीच. ग्रुप हा लपवायचा अड्डा झाला तर मी पहिला बाहेर पडेन.

*"स्पर्धकाला कशाला शिकवायचं?"* रेट शिकवू नका, कस्टमर शिकवू नका. पण शेजाऱ्याच्या पोराचं बोट जाऊन तुमची ऑर्डर वाढत नाही. उलट मोठा कस्टमर संपूर्ण भागालाच 'रिस्की' म्हणून बाजूला ठेवतो.

*"वेळ नाही."* याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच सांगतो, त्या दुसऱ्या मालकाला पुढचे आठ महिने फार वेळ द्यावा लागला. हॉस्पिटलला, पोलीस स्टेशनला, आणि त्या पोराच्या आईला.

शेवटचं

दुसऱ्या अपघातानंतर मी दोघांनाही एकत्र बसवलं. पहिल्यानेच तोंड उघडलं. म्हणाला, "माझ्याकडे पण असंच झालं होतं." दुसरा बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "चहा तर रोज पीत होतो की रे आपण."

मला त्यानंतर कुठल्याही सेमिनारमध्ये इतकं खरं वाक्य ऐकायला मिळालेलं नाही.

आज ते दोघं आणि आजूबाजूच्या अकरा शेड महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसतात. मोठं काही नाही. एक वही, एक रिटायर्ड मेंटेनन्सवाले काका, आणि चहा. तो पोरगा आता तिथेच क्वालिटीला आहे. बैठकीत कामगारांच्या बाजूने तोच येतो, आणि डाव्या हाताने वही लिहितो.

रविवारचा फोन त्या पहिल्या मालकाचा होता. मी गप्प बसलो याची टोचणी मला अजून आहे. ती कमी व्हावी म्हणून हा लेख नाही. तुमच्याकडे अशीच एखादी 'आपल्यातच ठेवा' गोष्ट असेल, तर उद्या सकाळी दहाच्या चहाला ती शेजाऱ्याला सांगा. म्युलूझवाल्यांनी तीन भाषांत छापली होती. आपल्याला एकाच भाषेत, एकाच माणसाला सांगायची आहे.

तुमच्या शेडमध्ये 'थोडक्यात वाचलो' असं शेवटचं कधी झालं? खाली कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त यंत्र, कारण आणि उपाय. दहा जरी आले तरी त्यावर एक वेगळा व्हिडिओ करतो.

कॉस्टिंगचा तिसरा भाग पुढच्या आठवड्यात, नक्की. त्यात गार्डचा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा तेही बघू.

भेटूया. काळजी घ्या, आणि शेजाऱ्याचीही घ्या.